खाली जाणारं पेडल

देवास, मंगळवार, दिवेलागणीला

थकले आज. जुन्या बसचं फिरतं घर करतोय आम्ही. आत फळ्यांची जमीन मीच टाकायला लावली. सकाळी बस चालवून बघताना हे म्हणाले, "पेडल खाली जातंय." मी म्हटलं, "मग काय वर जाईल?"

ह्यांची शाळा हिंदी. ह्यांच्या तोंडी खाली म्हणजे रिकामं. पेडल दाबलं तरी ब्रेक धरतच नव्हता. दुपारी बस कुंपणाच्या भिंतीला धडकून थांबली.

मिस्त्री म्हणाला, "भाभी, पेडल पटिये पे अटक रिया है. पेडल मत छेड़ो, पटिया काटो." मी टाकायला लावलेली फळीच आड येत होती; पूर्ण दाबल्यावरही पेडलखाली जागा उरायला हवी. आणि उद्या नालछ्याच्या उतारावर निघणार होतो.

लेक सासरी गेली तेव्हा हे म्हणाले होते, "घर खाली वाटतं."

मी म्हटलं होतं, मग वर मजला चढवू.