पुढून उघडणारे गाऊन

१२ जाने., सोम.
कॅम्प तीनला माझ्या भागीदारणीकडे, कांचनकडे. गल्लीत जीन्सचे गठ्ठे, रिक्षा आत येईना, शेवटी उतरून चालत गेले. तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात सध्या ऑर्डरी कमी, म्हणून दोन मशिनं आमच्या गाऊनना. नमुना चांगला झालाय. पुढून पूर्ण उघडतो, उजव्या खांद्यावर टिचबटणं, हात उचलावाच लागत नाही. लकव्याने सासूबाईंची उजवी बाजू गेल्यापासून मी जे काही शिकले, ते सगळं त्या एका खांद्यात आहे.
१ फेब्रु.ला अंबरनाथच्या प्रदर्शनात स्टॉल पक्का. नाव ‘सैल’. कां.चं म्हणणं, नाव आजारी वाटतं. मी म्हटलं, आजाऱ्यांसाठीच आहे.
ब्लॉग पुन्हा राहिला.

१४ जाने., बुध.
संक्रांत. दुपारी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, झोपल्यावर तासभर मिळाला. ब्लॉग लिहायचा की कापडवाल्याला फोन? फोन केला. मग राहिलेल्या वेळात चार ओळी लिहिल्या, त्या पुसल्या.
आधी असं नव्हतं. हॉस्पिटलमधून आईंना घरी आणलं तेव्हा कुणाशी बोलणार, म्हणून ‘उजवी बाजू’ सुरू केला. नाव-गाव काही नाही, नुसतं ‘आई’. आता लिहिताना मनात येतं, यातून गाऊन विकले जातील का. वाक्यच बिघडतं.

१६ जाने., शुक्र.
कां. कार्ड छापून घेणार. मागच्या बाजूला एक चौकोन, मोबाइल धरला की माझी ‘आरसा’ ही पोस्ट उघडते. तीच सगळ्यात जास्त फिरली. घरी आल्यावर आईंनी कपाटाच्या आरशात आपलं वाकडं झालेलं तोंड पहिल्यांदा पाहिलं आणि रडल्या, ती.
मी म्हटलं, दुसरी टाकू. ती म्हणाली, “मधू, लोग गाऊन नहीं ले रहे, तेरी सास को ले रहे हैं. समझ ना.”
समजलं. ऑर्डरसाठी आलेले बहुतेक फोन ती पोस्ट वाचूनच. एक बाई तर फोनवर नुसती रडली आणि शेवटी साइझ सांगितली.
हो म्हणून आले.

१८ जाने., रवि.
घरी हळदीकुंकू. आईंना नवा निळा गाऊन घालून हॉलमध्ये बसवलं. खुशीत होत्या. डाव्या हाताने वाण देत होत्या.
बी विंगमधली एक नवीन बाई आली. चिखलोलीला राहायला येऊन महिनाही झाला नसेल. ब्लॉगवर मी फोटो टाकलेला तोच गाऊन पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि आईंचा हात धरून प्रेमाने म्हणाली, “म्हणजे त्या तुम्हीच. आरशासमोर रडलेल्या. मी वाचताना किती रडले.”
आईंना काही कळेना. माझ्याकडे बघत राहिल्या. मी सरबत आणायला आत गेले. सरबत नव्हतंच, चहा होता.

१९ जाने., सोम.
संध्याकाळी आईंनी विचारलं, “तू माज्यावर काय लिवतंस गो?”
शब्द आता सावकाश येतात, पण येतात.
सांगितलं सगळं. म्हणाल्या, वाचून दाव.
नवरा, सं., फर्स्ट शिफ्ट करून एमआयडीसीतून आला होता. म्हणाला, नाव कुठे लिहिलंयस, कशाला टेन्शन घेतेस. त्याने आजवर एकही पोस्ट वाचलेली नाही. आज कळलं.

२१ जाने., बुध.
रोज दुपारी थोडं वाचते. पेज भरवताना मी चमच्याने मोजून सांडते हे मी गमतीने लिहिलेलं, त्याला मनापासून हसल्या. त्यांच्या जांभूळ गावच्या घराबद्दल लिहिलेलं दोनदा वाचायला लावलं. त्यात मी विहीर अंगणात टाकली होती, ती गुरांच्या वाड्याच्या मागे आहे. बदललं.
वाचताना मला आवडत होतं, हेही लिहून ठेवते. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा बसलो नव्हतो. कां.चे तीन फोन आले. घेतले नाहीत.

२३ जाने., शुक्र.
आज ‘आरसा’. ती वगळणार होते. त्यांनीच विचारलं, ती बाई म्हणाली तो आरसा कुठंय?
वाचली. मधे त्यांनी थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, “मी रडली नाय. डोल्यान पानी आला. तू दारान उभी व्हतीस, ता मना ठाव नव्हता.”
मी माफी मागितली. ऐकलं की नाही, कळलं नाही.

२४ जाने., शनि.
सकाळी अंघोळीनंतर गाऊन घेतला नाही. कपाटाकडे बोट. लुगडं. आजारपणापासून लुगडं नेसलेल्या नाहीत. ते बांधायला त्यांचेच दोन हात लागायचे, मला कधी जमलं नाही. त्या सांगत गेल्या, मी चुकत गेले. कासोटा दोनदा सुटला. शेवटी कसंबसं झालं.
दिवसभर त्यातच. बाथरूमला नेताना प्रत्येक वेळी सगळं पुन्हा. कंबर गेली माझी.
रागावल्या आहेत का, विचारायचं धाडस नाही.

२७ जाने., मंगळ.
आजही लुगडं.
दुपारी ‘आरसा’ काढून टाकली. एक बटण दाबायचं होतं, तासभर घेतला. खाली लोकांनी लिहिलेलं सगळंही गेलं. आपापल्या आयांबद्दल, सासवांबद्दल लिहिलं होतं बायकांनी. ते माझं नव्हतं.
कां.ला फोन केला. म्हणाली, कार्ड छापून आलीत, चौकोन उघडला तर आता काय दिसणार? मी म्हटलं, काही नाही. म्हणाली, “तू घरचं धंद्यात आणलंस. मी आणायला नव्हतं सांगितलं.” बरोबर आहे तिचं.

३० जाने., शुक्र.
सासूसाठीच बनवलेला गाऊन सासू घालत नाही, आणि मी परवा तो लोकांना विकायला बसणार. सं.ला म्हटलं. तो म्हणाला, तिला बरं वाटेल तेव्हा घालेल. मग थोड्या वेळाने, “मला तुझा ब्लॉग वाचायला दे ना.” दिलं. बाल्कनीत बसून वाचलं. आत आला तो सरळ आईंच्या खोलीत गेला.

१ फेब्रु., रवि.
स्टॉल. कां. आली, कार्डांच्या मागे छोटे स्टिकर चिकटवून. त्यावर आमचा नंबर. रात्री घरी बसून तिने आणि तिच्या मुलीने केलं म्हणे. दुपारपर्यंत नुसते लोक हात लावून जात होते. मग एक म्हातारे गृहस्थ आले, बायकोसाठी. टिचबटण एका हाताने उघडून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा उघडलं. दोन घेतले. पुढे बऱ्यापैकी गेले.
कुणीही गोष्ट विचारली नाही.
निघताना कां. म्हणाली, सास को बोलना, नीला वाला चलता है.

३ फेब्रु., मंगळ.
आईंना तो निरोप दिला. मान हलवली. लुगडंच नेसवलं. आता कासोटा सुटत नाही.
दुपारी लिहायला बसले. लुगड्याबद्दल. बऱ्याच दिवसांनी एका बैठकीत झालं, गाऊनचा विचार एकदाही आला नाही. त्यांच्याजवळ जाऊन वाचून दाखवलं आणि विचारलं, ब्लॉगवर टाकू का?
खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “पुना वाच.”
पुन्हा वाचलं.
“उंद्या सांगते.”