मुठीतलं झाकण

दादा,

तुमची धर्मादाय संस्था लिव्हरच्या आजारावर संशोधन करते म्हणे. फुकटात कोण कुणाची तपासणी करतं? पण "तुलनेला निरोगी माणसं लागतात, ये" म्हणालास, म्हणून आले. निरोगी माणसाच्या रक्ताच्या नळीला हिरवं झाकण, आजाऱ्याच्या नळीला लाल, हे तूच हौसेने दाखवलंस.

काल परत बोलावलंस. "मशीन बिघडलं होतं गं." बरं. पण एकदाही चिडवलं नाहीस, उलट जिन्यात माझी पिशवी घेतलीस. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

पत्र टाकणार नाही. तुला पुन्हा खोटं बोलावं लागेल, आणि ते तुला जन्मात जमलेलं नाही. रक्त घेतल्यावर झाकण मुठीत लपवलंस, तरी बोटांमधून लाल दिसलंच. मूठ उघडली असतीस, तर मीच लावलं असतं रे.

तुझी,
जाडी