कूर्चेला धोका नाही

१२ फेब्रुवारी ९६, सोमवार. चौसाळा.
जडीबुटीच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. उजवा गुडघा सुजलेलाच. सकाळी लिंगपूजेला पुन्हा खुर्ची. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पूजा करणारा मी पहिला. १० मार्चला नातवाचं लिंगधारण. त्याला घेऊन पाटावर मीच बसणार, मांडी घालून. ठरलं.

१४ फेब्रुवारी.
पुडीच्या कागदात बातमी सापडली. परदेशात आधी औषध देतात, मग त्यावर प्रकाश पाडतात. सूज उतरते, सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांमधल्या गादीला, धक्का लागत नाही. शेवटी 'प्रयोग सध्या सशांवर' असं काहीतरी होतं. ससा आपल्यापेक्षा नाजूक.

१७ फेब्रुवारी.
बीडला डॉक्टरांना कात्रण दाखवलं. म्हणाले, ते इकडं यायला वीस वर्षं लागतील, तोवर वजन कमी करा. येताना एसटीत उभा. पण तत्त्व समजलं. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात, ते हेच की. बावची आपल्याच दुकानात आहे.

२० फेब्रुवारी, सकाळी ११.
गच्चीवर खाट टाकली. तेल लावून अर्धा तास ऊन. तेल वर आणायला बायकोला, मल्लम्माला, तीन हाका माराव्या लागल्या. हल्ली जिना चढायला फार वेळ लावते. घरच्यांना संशोधनात रस नाही.

२३ फेब्रुवारी.
फरक नाही. डोस कमी पडतोय. उद्यापासून दोन तास. मल्लम्मा म्हणाली, "आवो, कावून कातडी जाळून घेताय? खुर्चीवर बसलात म्हणून देव रुसतोय का?" यांना समजावून सांगायचा कंटाळा.

२६ फेब्रुवारी.
गुडघ्यावर लिंबाएवढा फोड. औषध लागू पडतंय.

२८ फेब्रुवारी.
चार फोड. पोराने, केदारनाथने, जीपमध्ये घालून बीडला नेलं. डॉक्टरांना विचारलं, कूर्चेला काही धोका? म्हणाले, कूर्चा होती तशीच आहे, वरची कातडी तेवढी गेली. म्हणजे बातमी खरी होती. महिनाभर पाय वाकवायचा नाही.

१० मार्च, संध्याकाळ.
पाटावर मल्लम्मा बसली, नातू मांडीवर. मी खुर्चीत, पाय स्टुलावर. स्वामींनी नातवाच्या गळ्यात लिंग बांधलं. विधी झाल्यावर तिला उठताच येईना. केदारनाथने आणि सुनेने काखेत हात घालून उठवलं. दोन्ही गुडघे माझ्याहून सुजलेले. कधीपासून, विचारलं. म्हणाली, "चार वर्सं झाली. सांगितलतं की तुमाला."
रोजनिशीच्या जुन्या वह्या काढल्या. माझा गुडघा पानोपानी. तिचा कुठंच नाही. लाज वाटली. तिला उद्याच बीडला न्यायचं.
उद्या नको. माझा पाय वाकायला लागला की नेऊ.