खंडेनवमीचं घड्याळ

अहो,

आत्ताच तुमच्या लोलकाच्या घड्याळाने टोले दिले आणि मी कणीक तशीच टाकून कागद घेऊन बसले. चालू झालं हो! तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

तुम्ही गेलात आणि पंधरवड्यात तेही बंद पडलं. येवल्याच्या वन्सं तर गळा काढून रडल्या, "दादासंगं घड्याळानं बी जीव सोडला गं वहिनी!" मलाही ते खरंच वाटलं. त्याच्याकडे बघून किती वेळा डोळे पुसले असतील!

परवा महेश म्हणाला, "आई, आत सेलचं मशीन बसवून टाकू." म्हणजे लोलक नुसता शोभेला? मी म्हटलं, खंडेनवमीला बाबा घड्याळ साफ करून झेंडू वाहायचे, यंदा मी करते. नाहीच चाललं, तर बसव तुझं मशीन. 

तुम्ही मला कधी हात लावू दिलात का त्याला? तरी बघून बघून शिकलेच. ब्रशने धूळ काढली, जुनं काळं तेल चिंधीने टिपलं. नवं तेल सुईच्या टोकाने दिलं, तेही दात्यांना नाही हं, चाकांच्या दांड्या फिरतात तिथेच. किल्ली दिली, भिंतीवर लावलं, लोलक हलवला. लंगडत लंगडत टिकटिक केली आणि थांबलं. मला रडूच कोसळलं.

मशीन आणायचं सोडून महेश स्टुलावर चढला आणि म्हणाला, "आई, हे बघ."

रंगाऱ्याला तुम्ही घड्याळ काढू द्यायचा नाहीत ना? त्यामुळे घड्याळामागे भिंतीचा जुना पोपटी रंग तसाच राहिलाय, त्याचा पट्टा एका बाजूने डोकावत होता. चांगला तिरका! "बाबांनी तिरकं लावलं होतं. सरळ कोणी केलं?"

कोणी म्हणजे? मीच! तेराव्याला, तुमच्या फोटोशेजारी वाकडं दिसत होतं म्हणून. अहो, ते तिरकंच चालतं हे एकदा तरी सांगायचं!

महेशने जरासं कलवलं, मी कान लावला. टिकटिक एकसारखी झाली आणि आम्ही दोघं हसत सुटलो. वन्संना फोन केला, तर म्हणतात, "म्हंजे तूच मारलंस की त्याला!"

झेंडू घालताना तुमचा फोटोही थोडा तिरका केलाय. छान जुळताय दोघं. दर रविवारी किल्ली मीच देईन. आणि मी आहे तोवर तुम्हा दोघांना कोणी सरळ करणार नाही, हा माझा शब्द!

तुमचीच,
मंदा