परकराची नाडी

मंगळवार, दिवेलागण, निलंगा

आज बी श्वास छातीतच अडकला. लातूरच्या योगाच्या वर्गात शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, "श्वास घेताना पोट फुगू द्या." माझं पोट जागचं हलेना. पहिल्या दिवसापासून वाटायलंय, हे बी आपल्याला जमणार न्हाई. आधीच काळजीचा आजार, रात्रंदिवस छातीत धडधड, अन् वर त्याच्या उपायाची काळजी!

मग बाईंनी माझ्या कमरेला हात लावून पाहिला. "ताई, परकराची नाडी किती आवळलीय! श्वास जाईल कुठं?"

लग्न झाल्यापासून अशीच आवळते. सैल बांधली की पोट सुटतं, हे सासूबाईंनीच शिकवलं. कमरेवर नाडीचा काळा वळ पडलाय. इतकी वर्षं ती कधी टोचली कशी न्हाई मला?

घरी आल्या आल्या नाडी सैल केली, आडवी झाले, पोटावर हात ठेवला. हात वर आला!

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय करायलीस गं?"

"श्वास घ्यायलेय, आत्याबाई."

त्या माघारी फिरल्या. पण वळताना त्यांचा हात स्वतःच्या कमरेकडं गेला. मी पाहिलं.

धडधड गेली असं न्हाई. पण उद्यापासून नाडी सैलच. पोट सुटलं तर सुटू दे.