पहिलं टोपलं ज्याचं

नागपूर,
वैशाख वद्य, १९५५

प्रिय वच्छला,

तुला आणि तुझ्या पोटातल्या पाहुण्याला तुझ्या बाबाचा आशीर्वाद.

कवडू पत्र घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तू आधी त्याच्या पाठीमागं पाहिलं असशील. मी तिथं नाही. गावचे बाकी सगळे परत आले, एक मीच आलो नाही. कवडूवर ओरडू नकोस. त्यानं मला स्टेशनापर्यंत ओढत नेण्याचीही तयारी केली होती. अक्षर लागलं नाही तर त्याला विचारू नकोस, तो पदरच्या चार गोष्टी जास्त सांगेल. खांबाला टेकून बस, पाय लांब कर आणि सावकाश वाच. रागावशील हे मला माहीत आहे. मी स्वतःच स्वतःवर इतका रागावलो आहे की तुझ्या रागाला फार जागा उरलेली नाही.

आता मुळात मला इथं पाठवलं कोणी? तूच. मी त्या दिवशी माळ्याखाली उभा राहून वरच्या पाळण्याकडं पाहत होतो. काढत नव्हतो, नुसता पाहत होतो. तुझी माय चुलीपासून ओरडली, "आधी काढाचा नाही पाळना, मागच्या वेळचं इसरले का?" मागच्या खेपेला आधी काढलेला पाळणा रिकामाच परत वर गेला होता. मग तू म्हणालीस, "बाबा, तुमी जा बरं कवडूकाकासंगं नागपूरले. आंगनात फिरून फिरून मले भेव लावून राहिले तुमी." मला वाटलं, पोरगी म्हणते ते खरं आहे. नववा महिना लागायला अवकाश होता. चार दिवस जाऊ, देवदर्शन करू, हातून थोडी सेवा होईल, आणि माझ्या येरझाऱ्यांपासून तुलाही सुटका. माझी चूक ही की मी छोटेलालला ओळखत नव्हतो.

छोटेलाल म्हणजे तो गोंदियाचा, कुडव्याकडं ज्याचं दुकान आहे, आपल्या गावी सायकलीवर येऊन ज्यानं सभा घेतली तो. "सेवा भी, सैर भी," असं तो म्हणाला होता आणि सगळे खूश झाले होते. सकाळी श्रमदान, दुपारून शहर पाहणं. पण त्याच्या गळ्यात एक शिट्टी असते हे त्यानं सभेत सांगितलं नव्हतं. गाडीत बसायची शिट्टी, उतरायची शिट्टी, जेवायची, उठायची. हिरालाल पाटलासारखा माणूस, ज्याच्यासमोर गावात कोणी मोठ्यानं खोकत नाही, तोही शिट्टी वाजली की हातातला घास टाकून उभा राहू लागला. माणसाला बैल व्हायला फार दिवस लागत नाहीत, हे मी पाहिलं.

पहिली सेवा दवाखान्यात. आम्हाला केळ्यांची एकेक फणी दिली आणि रोग्यांना वाटा म्हणाले. मी एका म्हाताऱ्याला केळं दिलं तर त्यानं उशाखालून आधीची केळी काढून दाखवली. म्हणाला, "भाऊ, सकाळपासून तुमचं तिसरं मंडळ हाये. केळं देऊन राहिले सारेच, पानी कोनी देत नाही." मी त्याला पाणी आणून दिलं, तोवर शिट्टी झाली. बाहेर येताना एका मोठ्या खोलीपाशी बाया वाट पाहत बसल्या होत्या. आतून एक लेकरू रडत होतं, नुकतंच जन्मलेलं असावं, आवाज ओला होता. मी तिथंच थांबलो. एका नर्सबाईनं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी पोरगी." नाव विचारलं, मी तुझं सांगितलं. ती बिचारी आत जाऊन खरंच हाका मारून आली. "वच्छला नावाची कोणी नाही बाबा, दुसऱ्या दवाखान्यात असेल." मग माझ्या ध्यानात आलं की तू घरी आहेस, आपल्या अंगणात. छोटेलाल मागून म्हणाला, "दादा, यहाँ घूमने आये हो या खो जाने?" सगळे हसले. मीही हसलो. करतो काय?

शहर पाहिलं ते असं. अजब बंगला म्हणतात त्या संग्रहालयात भुसा भरलेला वाघ पाहिला. कवडू म्हणाला, "आपल्या जंगलात जित्ता फुकट दिसते तं पळून येतो, अन इथं मेलेला पाहाले तिकीट काढून आलो." तुला सांगतो, त्या वाघाचे डोळे काचेचे होते, तरी कवडू त्याच्या फार जवळ गेला नाही. किल्ला बाहेरून पाहिला. महाराजबागेत माकडं पाहिली, ती आपल्या आंब्यावर असतात तशीच होती, फक्त चोरी करत नव्हती. रामाच्या देवळात मात्र मला बरं वाटलं. गाभाऱ्यात गारवा होता. हात जोडले, नाव घ्यायला ओठ हलवले, आणि शिट्टी. वच्छला, देवासमोर शिट्टी! मी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही, पण त्या क्षणी ती शिट्टी विहिरीत टाकण्याची फार इच्छा झाली. देवाला मी मनात म्हटलं, बाकीचं राहिलेलं नंतर बोलतो. ते राहिलेलंच मला पुढं भोवलं.

शहराच्या कडेला एक जुनं तळं आहे. त्याची पाळ मागच्या पावसाळ्यात फुटली आणि खालच्या झोपड्यांत पाणी शिरलं. भगदाड अजून तसंच आहे, बैलगाडी आरपार जाईल एवढं. आमचं श्रमदान तिथं होतं. पाळ म्हटल्यावर आमच्या लोकांच्या अंगात एकदम जीव आला. केळी वाटून वाटून सगळे मेल्यासारखे झाले होते. हिरालाल पाटलानं तर माती हातात घेऊन चोळून पाहिली. फावडी होती, टोपली होती, आणि मंडपही होता. मंडप कशाला हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. मग मोटारीतून एक मोठे साहेब आले, सोबत फोटो काढणारा. छोटेलालनं मला पुढं ढकललं. "दादा, आप बुजुर्ग हो, पहला टोपला आप डालो." साहेबांनी टोपल्याच्या एका कडेला बोट लावलं.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. आपल्या घरातली रीत तुला माहीत आहे. पाळीवर ज्यानं पहिलं टोपलं टाकलं, त्यानंच शेवटचं टाकायचं, आणि मधे ते गाव सोडून जायचं नाही. माझा आजा तापानं फणफणला होता तरी त्याला खाटेसकट पाळीवर नेलं आणि शेवटच्या टोपल्याला त्याचा हात लावून ते टाकलं. ही गोष्ट लहानपणी तू मला किती वेळा सांगायला लावायचीस. म्हणून आपल्याकडं पहिलं टोपलं कोणी उगाच उचलत नाही. पण माती भरलेलं टोपलं हातात आलं की हात माझं ऐकत नाहीत. मी भगदाडाच्या तोंडाशी गेलो, डोळे मिटले आणि टाकलं. फोटोवाला ओरडला, "दादा, आँखें खोलो, फोटो बिगड़ गया!" पुन्हा टाका म्हणाला. मी म्हटलं, पहिलं एकदाच असते.

मग प्रत्येकानं थोडी थोडी माती टाकली, साहेबांचं भाषण झालं, चहा झाला, शिट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मी पहाटे आंघोळ करून तयार, तर छोटेलाल म्हणाला आज तेलंगखेडीचा बगीचा. मी विचारलं, पाळ? तो म्हणाला, "वो तो हो गया दादा." मी म्हटलं, कुठं झाली? भगदाडातून तर अजून पलीकडचं झाड दिसतं. तो म्हणाला, "श्रमदान हो गया ना. बाकी सरकार देखेगी." सेवा झाली, पण काम झालं नाही, ही गोष्ट मला अजून समजलेली नाही. आपल्याकडं दोन्हीला एकच शब्द पुरतो.

मी एकटाच पाळीवर गेलो. मंडप गेला होता, फावडी गेली होती, एक फुटकं टोपलं तेवढं राहिलं होतं. खालच्या झोपडीतून एक बाई वर आली. धुरपताबाई तिचं नाव, मूळची आपल्या आमगावकडची, नवऱ्यामागं इथं आली आणि नवरा गेल्यावर इथंच राहिली. कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "काऊन जी, फोटो तं झाला, आता कायले थांबले?" मी ते फुटकं टोपलं उचललं. "मागच्या साली बी आलते असेच. झाड लावून गेले. झाडाची पाटी हाये, झाड नाही." मी माझी अडचण तिला सांगितली. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "म्हंजे एवढं सारं बुजवल्याशिवाय तुमी जाऊच शकत नाही? देवानं बरा सापडवला मानूस आमाले." आणि घरातून घमेलं घेऊन आली. ती पुण्य वगैरे काही बोलली नाही. ती मला दिवसभर रागावते, थर नीट तुडवत नाही म्हणते, पाणी जास्त मारता म्हणते. तुझी आणि तिची भेट होऊ नये अशीच माझी प्रार्थना आहे, दोघी मिळून मला जगू देणार नाहीत.

आपल्या लोकांनीही जमेल तेवढं केलं. बगीचा सोडून दोन सकाळी ते इथं आले, हे गावात सांग, त्यांना नावं ठेवू नका. पण त्यांची तिकिटं परतीची, आणि पेरणीआधीची कामं घरी पडलेली. आज निघायचा दिवस, म्हणून सकाळीच छोटेलाल शेवटचा उपाय घेऊन आला. म्हणाला, "दादा, अभी एक टोपला डालो और उसी को आखरी समझ लो. हो गया आखरी!" तसा तो वाईट माणूस नाही. मला सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, शिट्टीसुद्धा खिशात ठेवली होती. कवडू म्हणाला, "मी टाकतो तुमच्या नावानं, कोनाले समजते?" खरं सांगू? मी टोपलं भरलं. घरची ओढ एवढी होती की मनाशी म्हटलं, समजू हेच शेवटचं. भगदाडापर्यंत नेलंसुद्धा. मी समजलो असतो, छोटेलाल समजला असता, तूही एखादवेळी समजली असतीस. पण मृगाचं पाणी येईल त्याला कोण समजावणार? टोपलं टाकलं आणि मोठ्यानं म्हणालो, हे शेवटचं नाही. छोटेलालनं कपाळावर हात मारून घेतला.

आता भगदाड माझ्या छातीपर्यंत भरलं आहे. कालपासून धुरपताबाईनं खालच्या झोपड्यांतले आणखी लोक रागावून रागावून कामाला लावले आहेत, त्यामुळं काम पळतं आहे. अमावास्येच्या आत होईल. झोपायला पाळीजवळच्या मारुतीचा ओटा आहे. भाकरी धुरपताबाई देते आणि वर ऐकवते की मिठाला जागा. आता दुपारच्या उन्हात काम बंद आहे, म्हणून ओट्यावर बसून लिहितो आहे. कवडू शेजारी बसून गाडीची वेळ झाली म्हणून घाई करतो आहे. नंदाबाई सुईणीला सांगून ठेव, हिरालाल पाटलाची गाडी लागली तर मागून घे, मी बोललो आहे. तुझ्या मायशी भांडू नकोस. पाळण्याबद्दल ती बोलली ते भीतीनं बोलली.

आणि हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. तू म्हणशील, बाबाला पोरीपेक्षा परक्या गावची पाळ मोठी झाली. तसं मनात धरून तू बाळंतपणाला बसू नयेस. रीतीतली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती, माझ्या बापानंही मला लग्नानंतरच सांगितली. पहिलं टोपलं टाकणारा डोळे मिटून मनात एक मागणं मागतो. एकच. ते शेवटचं टोपलं पडेपर्यंत तोंडातून काढायचं नसतं, आणि काम अर्धं टाकून गेलं तर मागणंही तिथंच टाकून गेल्यासारखं होतं. रामासमोर शिट्टीनं राहून गेलेलं बोलणं माझ्या ओठांवरच होतं. भगदाडाच्या तोंडाशी माझे डोळे मिटले ते म्हणून मिटले. फोटो बिघडला तो म्हणून. काय मागितलं ते मी लिहीत नाही. तू चौथी पास आहेस, समजून घे. पाळणा माळ्यावरच राहू दे, मी येऊन माझ्या हातानं काढीन. आणि पोटातल्याला सांग, आजाची थोडी माती टाकायची बाकी आहे, तेवढी घाई करू नको.

तुझाच,
टोपल्यात अडकलेला बाबा,
बकाराम