शेणकिड्याच्या तोंडाचा देव

आई, तू जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण आज तुला सांगितल्याशिवाय मला दम निघत नाहीये. हर्सूलच्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मी सातवीच्या वर्गाला जुन्या इजिप्तचे देव दाखवत होते. कोल्ह्याच्या तोंडाचा देव मेलेल्यांना वाट दाखवतो, लांब चोचीच्या पाणपक्ष्याचं तोंड असलेला देव लिहिणं शिकवतो, आणि एकाचं धड माणसाचं पण तोंडाच्या जागी अख्खा काळा किडा. मागच्या बाकावरची एक पोरगी ओरडलीच, "बाई, ह्यो तर शेणकिडा!" सगळा वर्ग हसला. मी मात्र हातातल्या खडूसकट थेट पाचोडला पोचले.

पाचोडच्या गाडीवाटेवर मी सहा-सात वर्षांची आहे. तुझ्या डोक्यावर शेणाचं टोपलं, मी तुझ्या मागं. समोर तो किडा मागच्या पायांनी गोळा ढकलत उलटा चाललाय. मी त्याला चिरडायला पाय उचलते आणि तू एका हातानं टोपलं सावरत माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "लई मोठी झालीस व्हय? त्याचं काम चाललंय. जाऊ दे त्याला." मग आपण दोघी उन्हात उभ्या राहतो, तो वाट ओलांडेपर्यंत.

अगं, इजिप्तच्या त्या लोकांनीही असंच थांबून पाहिलं असणार! त्यांना वाटलं, सूर्यालाही रोज सकाळी असाच कुणीतरी ढकलत वर आणत असेल. शेणाच्या गोळ्यातून नवे किडे बाहेर पडताना दिसले, म्हणून तो पुन्हा जन्मण्याची खूण झाला. दगडात कोरून, कधी सोन्यात मढवून, मेलेल्याच्या छातीवर ठेवला त्यांनी. आपला शेणकिडा, आई! हे वर्गाला सांगताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तुझा धपाटाही मी सांगितला, अगदी हात उगारून. घंटा झाली तरी एक पोर जागचं हललं नाही.

मग त्याच पोरीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी लई गुरं होती व्हय?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि हाती आलं असतं तरी तुला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं. तेव्हा लिहूनच टाकते. मी "होती की" म्हणाले. आपल्या दारात साधी शेळीसुद्धा नव्हती. तू लोकांचे गोठे साफ करायचीस.